होय सायेब
पोस्टात पार्सलवर लाख ओतत होते, आणि त्या वासाने मला नाशिकच्या कोर्टातली ऐंशीच्या सुमाराची एक दुपार आठवली. मी तिथे नवी टायपिस्ट होते; सील करायच्या पाकिटांवर तिथेही अशीच लाख ओतायचे. उंच खिडकीतून तिरपं ऊन उतरत होतं, त्यात धूळ सावकाश तरंगत होती, पंखा पेंगत फिरत होता. आरोपीच्या पिंजऱ्यात सुरगाण्याकडचा एक म्हातारा उभा होता. सायकल चोरल्याचा आरोप. "गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. "होय सायेब." मी तसं टाइप केलं. आता शिक्षाच व्हायची बाकी होती. तेवढ्यात सरकारी वकील उठले. "बाबा, मी तुमचा जावई ना?" "होय सायेब." सगळे हसले, वकील हसले नाहीत. "साहेब, हे भीतीने कशालाही होय म्हणताहेत. ह्यांच्या बोलीत विचारायला हवं." त्याच भागातल्या शिपायाने विचारलं, तेव्हा म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. "नाय. म्या नाय चोरली." मी मशीनमधला कागद काढून नवा घातला. त्याआधीच्या सहा महिन्यांत मी किती जणांचं 'कबूल' टाइप केलं होतं, कोण जाणे. तेव्हा कुणी उठलं नव्हतं, आणि मलाही काही वाटलं नव्हतं.