पाटलीणबाईंचं घर ओढ्यापलीकडे

पाटलीणबाईंनी आमच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो भिंतीबद्दल. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं, पलीकडून येणारा शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकला, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "ही भिंत कुणाची? तुमची की त्यांची?" मी म्हटलं, दोघांची. "दोघांची कशी असेल," असं पुटपुटत त्यांनी पिशवी ठेवली आणि भांडी घासायला घेतली.

खरं नाव सुमियाती. जावा बेटाच्या आतल्या भागात, समुद्रापासून लांब, डोंगरउतारावर त्यांचं खेडं. आमच्या सिंगापुरातल्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये त्या मेड म्हणून आल्या तेव्हा तिशीच्या होत्या, माझ्याहून लहान. पण कंबरेवर हात ठेवून उभं राहायची आणि दिसेल त्या वस्तूला "हे कुणाचं?" विचारायची त्यांची ढब अशी, की सासूबाई दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "ही कामाला आलीय की शेतसारा गोळा करायला? आल्या मोठ्या पाटलीणबाई." तेव्हापासून आमच्याकडे सगळे त्यांना तेच म्हणायचे, आणि अर्थ समजल्यावर त्यांनीही ते नाव बिनतक्रार, हक्काने घेतलं.

सिंगापुरात राहिलेल्या बहुतेक मराठी घरांत अशी एखादी बाई होऊन गेलेली असते. लोक "आमची मेड" म्हणतात आणि विषय संपवतात. मला तसा संपवायचा नाही, आणि कुणाला ते आवडलं नाही तर नाइलाज आहे.

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पाटलीणबाईंना मराठी. मी आणि माझा नवरा श्रीधर दिवसभर ऑफिसात. त्यामुळे त्या दोघींनी आपापसात सोय करून घेतली आणि वर्षभरात पाटलीणबाई सासूबाईंचं मराठी बोलायला लागल्या, जसंच्या तसं. दूध उतू गेलं की "जळ्ळं मेलं". माझ्या लेकीने ताटात भाजी टाकली की "खाऊन माजायचं, टाकून नाही माजायचं हं". लेक म्हणायची, "Auntie, cannot finish lah." त्यावर त्या शांतपणे आणखी एक चमचा वाढायच्या. मला आधी "मॅम" म्हणत, पण सासूबाईंनी दटावलं, "मॅम काय मॅम, ताई म्हण." मग मी ताई झाले.

पहिल्या रविवारी आम्ही त्यांना किनाऱ्यावर नेलं. विमानातून पाहिला होता तेवढाच समुद्र, जवळून कधी नाही. वाळूत उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. आम्हाला वाटलं, भारावल्या. शेवटी म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि भात कुठेच नाही?" मग अर्थातच, "हे कुणाचं?" श्रीधर म्हणाला, सरकारचं. परत येताना इमारतीखालच्या आंब्याच्या झाडाबद्दल विचारलं. तेही सरकारचं. खाली पडलेल्या कैऱ्या? त्याही. "सरकार खायला कधी येतं?" असं विचारून त्यांनी पदर नव्हता म्हणून टीशर्टची झोळी केली आणि पडलेल्या कैऱ्या भर दुपारी, सगळ्यांदेखत वेचल्या. मी घाबरून जिन्यात उभी. सासूबाईंनी मात्र लोणच्याची बरणी धुवायला काढली.

आमच्या फ्लॅटची तर त्यांना कीवच आली. श्रीधरने एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं की हा फ्लॅट आमचा आहे. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. लीज नव्व्याण्णव वर्षांचं, त्यातली बरीच सरलेली. "खालची जमीन?" सरकारची. "वरचं छप्पर?" वर आणखी लोक राहतात. त्या संध्याकाळी श्रीधरच्या पोळीवर तूप जरा जास्त पडलं.

त्यांच्या गावातला हिशेब वेगळा होता. तिथे जमीन एकाची, तिच्यावरचं नारळाचं झाड दुसऱ्याचं आणि घर तिसऱ्याचं असू शकतं, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. घरं सागाची. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडांवर नुसते उभे करतात. पाटलीणबाईंच्या वडिलांनी जाण्यापूर्वी चार माणसांसमोर सांगितलं होतं: जमीन थोरल्या मुलाची, कारण तो कसतो. घर धाकटीचं, म्हणजे पाटलीणबाईंचं, कारण आईचं आजारपण तिने काढलं. शिवाय ओढ्यापलीकडचा आईचा एक लहानसा तुकडा धाकटीलाच. पाटलीणबाई इथे भांडी घासत होत्या त्या त्याच घरासाठी. इथल्या पगारातून त्यांनी त्यावर नवी कौलं घातली होती. चार-पाच वर्षं काम करायचं, परत जायचं आणि त्या घरात स्वतःच्या दारात बसायचं. दुसरं काहीही त्यांना नको होतं, नवरासुद्धा. तो होता कुठेतरी, पण "त्याचं नाव कशाला काढायचं" म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी गावाहून काकांचा फोन आला. थोरल्या भावाने जमिनीला गिऱ्हाईक शोधलं होतं. कुणी बाहेरचा माणूस तिथे कोंबड्यांची शेड घालणार होता, आणि घर जमिनीबरोबरच जाणार होतं. लाकूड चांगलं आहे, म्हणून. पाटलीणबाईंनी भावाला फोन लावला. तो काय म्हणाला ते त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं: "तू सिंगापूरला. तुला घर काय करायचंय?"

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. महिनाभर आधी माझ्या भावाने साताऱ्याहून हक्कसोडपत्राचा कागद पाठवला होता. बाबा गेल्यानंतर तीन खोल्यांचं घर आणि दीड एकर राहिलं होतं. "ताई, तू सिंगापूरला. तुला काय करायचंय? वकिलातीत जाऊन सही-शिक्का करून पाठव." भाऊ वाईट नाही माझा. सगळ्या बहिणी करतात, मीही करणार होते. कागद टीव्हीखालच्या खणात पडला होता आणि त्याच्यापुढून मी रोज ऑफिसला जात होते. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी केली होती सही. माहेरची साडी त्यानंतर चारच दिवाळ्या आली." आणि त्या वाती वळत बसल्या.

श्रीधरने पाटलीणबाईंना सांगितलं, आठवडाभर सुट्टी घे, तिकीट आम्ही काढतो, जाऊन भांड. माझी एक मैत्रीण कळल्यावर म्हणाली, मेडला इतकं डोक्यावर बसवू नकोस. तिला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण पाटलीणबाई स्वतःच म्हणाल्या, "नाही जाणार. मी गेले तर तो माझ्यासमोर रडेल. मग मला दया येईल."

"मग घर कसं वाचवणार?"

"जमीन त्याची आहे," त्या म्हणाल्या. "त्याला विकू दे. माझं घर मी उचलते."

मला वाटलं, माणूस रागात काहीही बोलतो. पण त्या शब्दशः बोलत होत्या. त्यांच्या गावात घर उचलून नेतात. कौलं उतरवायची, फळ्यांच्या भिंती सोडवायच्या, उरलेल्या सांगाड्याला बांबू बांधायचे आणि गावाने खांदा द्यायचा. त्यासाठी पोकळ लाकडाचा एक ओंडका बडवतात. तो वाजला की प्रत्येक घरातून एक माणूस आलाच पाहिजे. कामाचं काही द्यायचं नसतं, फक्त पोटभर जेवायला घालायचं. आणि जो येत नाही, त्याच्या दारी पुढे लग्न असो की मयत, कुणी जात नाही.

"आणि तुझा भाऊ अडवणार नाही?" मी विचारलं.

पाटलीणबाई कांदा चिरत होत्या. "अडवेल कसा? ओंडका वाजला की त्यालापण यावं लागेल. शेजारी आहे तो."

घर ओढ्यापलीकडे, आईच्या तुकड्यावर न्यायचं ठरलं, एका रविवारच्या सकाळी. काकांकडे मोबाइल होता. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाटलीणबाईंनी आपला फोन स्पीकरवर ठेवला, कंबरेवर हात ठेवले आणि घर हलवायला घेतलं. आम्ही सगळे भोवती. पोहे गार झाले, कुणाला भान नव्हतं. फोनमधून कोंबडे, बायकांचा गलका, लाकडाचे आवाज, आणि मधूनच तो ओंडका, टक टक टक. पाटलीणबाई काकांना सूचना देत होत्या, मग आमच्यासाठी सासूबाईंच्या मराठीत सांगत होत्या. कौलं उतरली. बांबू बांधले. भात शिजतोय, काकू मीठ विसरली, जळ्ळं मेलं.

पण दर थोड्या वेळाने त्या एकच विचारत होत्या. जावानीज मला येत नाही, तरी तो प्रश्न मला समजायला लागला. कोण कोण आलं? काका नावं सांगायचे. त्यांत एक नाव येत नव्हतं. पाटलीणबाई "बरं" म्हणायच्या आणि ओटा पुसायच्या. तो त्यांनी त्या सकाळी इतका पुसला की सासूबाईंनी शेवटी फडकं काढून घेतलं.

मग काकांनी आकडे ओरडले. सिजी, लोरो, तेलू. एक प्रचंड हुंकार आला आणि माझी लेक खुर्चीवर उभी राहिली. घर उठलं होतं. आमच्या आठव्या मजल्यावर, नव्व्याण्णव वर्षांच्या फ्लॅटमध्ये, आम्ही एका घराला चालताना ऐकत होतो. वळणावर ते एका बाईच्या केळीत अडकलं. आता भांडण होणार असं मला वाटलं, पण त्या बाईने स्वतःच कोयता घेऊन केळी तोडल्या. सगळीकडे हशा. नंतर ओढ्याचा चढ आला आणि आवाज बदलला. काका घाईघाईने बोलत होते. पाटलीणबाईंचा चेहरा उतरला. "मागची बाजू खाली जाते," त्या म्हणाल्या. "खांदा कमी पडतो. ठेवलं तर पाण्यात जाईल."

सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. फोनमधून नुसते धापा टाकल्याचे आवाज. आणि मग काकांनी एक शब्द उच्चारला, ते नाव.

पाटलीणबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय झालं? त्या फोनवर वाकल्या. म्हणाल्या, "आला. मागच्या खांबाला लागलाय."

आपल्याच जमिनीवरून बहिणीचं घर भावाने खांद्यावर घेऊन ओढ्यापार नेलं. रागात नेलं असेल, लाजेने नेलं असेल, मला माहीत नाही. पण नेलं. पलीकडे पोचल्यावर काकांनी विचारलं, दार कुठल्या दिशेला करायचं? रिवाज दक्षिणेचा. पाटलीणबाईंनी डोळे पुसले, पुन्हा कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, भावाच्या घराकडे. "त्याला रोज दिसू दे," हे त्यांनी आम्हाला मराठीत सांगितलं. त्यानंतर फोनमध्ये आणखी काही विचारलं आणि उत्तर ऐकून फोन बंद केला.

"काय विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या.

"जेवला का."

"मग?"

"दोनदा घेतला भात," पाटलीणबाई म्हणाल्या, आणि आमचे गार पोहे परत गरम करायला ठेवले.

वर्षभराने त्या परत गेल्या. आम्ही आग्रह केला, पगार वाढवतो म्हटलं. नाही म्हणाल्या, दार वाट बघतंय. विमानतळावर सासूबाई व्हीलचेअरमधून आल्या होत्या. दोघी एकमेकींना "नीट राहा" एवढंच सांगत होत्या, पुन्हा पुन्हा. सासूबाईंनी त्यांची ओटी भरली, नारळासकट. तो नारळ सिक्युरिटीत अडेल असं मी म्हटलं तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. मला तेव्हा फार रडू आलं. ऑफिसात, सोसायटीत, कुठेच मला माणूस सोडून जाण्याचं इतकं दुःख झालेलं नव्हतं, आणि हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही म्हणून आता सांगते.

आत जाताना त्या वळल्या. "ताई, तो कागद?"

"आहे खणात."

"कुणाचं आहे ते घर?"

"बाबांचं होतं."

"होतं. आता कुणाचं?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत, पिशवी खांद्याला लावून, नारळ हातात धरून, रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मागे वळून बघितलंही नाही. पाटलीणबाईच त्या.

त्याच आठवड्यात भावाचा पुन्हा फोन आला. "ताई, अगं केलीस का सही?"

मी स्वयंपाकघरात होते. एक हात आपोआप कंबरेवर गेला. "नाही केली," मी म्हटलं. "करणारही नाही. बाबांचं घर तुझं आहे आणि माझंही आहे. तू राहा, तू कस, मी तुला उठवायला येत नाही. पण माझं नाव कागदावर राहील."

तो म्हणाला, "तुला तिकडे कुणी शिकवलं हे?"

"आमच्या पाटलीणबाईंनी," मी म्हटलं. "आणि ऐक. भाऊबीजेला येतेय मी. तू रागावलेला असशील तरी येतेय. माझं ताट मांडून ठेव."

त्याने फोन ठेवला. मी तिकीट काढलं.