शेरूचा वाडगा आणि मावशींची टोपली

मंडळी, आज मला एका बाईचा भयंकर हेवा वाटला. कारण आमचा कुत्रा, शेरू.

बोईसरच्या आमच्या सोसायटीत सातपाटीहून एक मावशी मासे विकायला येतात. भवानी व्हायच्या आधी एक मांदेली शेरूला द्यायची, ही त्यांची रीत.

मी मात्र डॉक्टरांना विचारून गेले चार महिने त्याला कच्चा आहार देते. कोंबडीच्या माना, कलेजी, अंडं, किसलेलं गाजर, सगळं काट्यावर तोलून. साहेब वास घेतात आणि गेटकडे कान लावून बसतात.

सोमवारी मी मावशींना सांगितलं, "त्याचं डाएट बिघडतं, काही देऊ नका." खरं तर डाएट नाही, माझं डोकं बिघडत होतं.

आज सकाळी मावशींची हाक आली आणि शेरू भरलेला वाडगा सोडून जिना उतरला. त्या चोरून देत असणार, म्हणून मीही मागे धावले. मावशी पायरीवर बसल्या होत्या आणि शेरूचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

"ताय, तुमी नको बोलल्या, मी काय नाय दिला," त्यांनी रिकामे हात दाखवले. "तीन दिस असाच येऊन बसतो."

म्हणजे तो मांदेलीसाठी जातच नव्हता.

मी वाडगा ठेवते आणि त्याचा फोटो काढते. त्याच्याजवळ खाली कधी बसलेच नाही.

खरं सांगा, तुमच्याकडे कुत्र्याला जेवायला कोण घालतं, आणि तो डोकं कोणाच्या मांडीवर ठेवतो?