लोणारच्या काठावरची रेंगी

धुण्याच्या सोड्याचा खारट वास आला की मला लोणारचं तळं आठवतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. लग्न नवं होतं. हे मला रेंगीत, आमच्या हलक्या बैलगाडीत, बसवून तळ्याच्या काठाकाठानं फिरवत होते. खाली हिरवंगार पाणी, झाडीत मोर. तेवढ्यात मागून एक छकडा आला आणि पुढे निघून गेला. शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवणाऱ्याला ते सोसतं थोडंच! हे पिसाळले. बैल हाकायच्या तुतारीची टोकदार आर बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसत सुटले. रक्ताचे थेंब माझ्या लुगड्यावर उडाले, चाक कड्याला घासलं.

"थांबवा हो! मरून जाऊ आपुन!"

ऐकलंच नाही. मी तुतारी हिसकली आणि आर यांच्याच मांडीत घुसवली. कळवळून यांनी कासरा ओढला.

घरी रक्त पाहून सासरे ओरडले, "काय झालं बे?"

हे म्हणाले, "बैलानं शिंग मारलं."

मुक्या जनावरावर आळ! माझं डोकंच फिरलं. सासरे काठी घेऊन बैलाकडे धावले, तसे हे आडवे झाले. "त्याले मारू नका!" काठी यांच्या पाठीवर फुटली.

बायकोचा मार सांगायची लाज वाटली, असं मी तेव्हा समजले. खरं सांगितलं असतं, तर ती काठी माझ्या पाठीवर फुटली असती.