शेवटची चढाई आणि सोमाटण्याचा चहा

मंडळी, दुपारपासून ग्रुपवर आपल्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाची चिरफाड चाललीय. "मॅडमना डिफेन्स शिकवताच येत नाही," हे तर प्रत्येक दुसऱ्या मेसेजमध्ये. आता जरा माझं ऐका.

सामना हरल्यावर परतताना आम्ही सोमाटण्याला टपरीवर चहाला थांबलो, तर तिथं आपल्या मुली आणि मॅडम आधीच बसलेल्या. आमच्याबरोबरच्या औंढ्याच्या आबांना राहवलं नाही.

"मॅडम, आपण एका गुणानं पुढं व्हतो. त्यांची शेवटची चढाई. नुसतं मागं सरकायचं व्हतं. पकड करायला पोरीला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "माझा अंदाज चुकला."

आबा आणखी सरसावले, तेवढ्यात संघात कोपरा सांभाळणारी तिकोणा पेठेची पोरगी बाकावरून उठली. तिच्याच हातातून ती चढाईवाली निसटली आणि मदतीला धावलेल्या दुसरीलाही शिवून दोन गुण घेऊन गेली होती.

"न्हाई आबा. मॅडम 'सोड, सोड' वरडत व्हत्या. मला ऐकू आलतं. पाय समोर दिसला आन् माझाच हात गेला."

"गप. चहा पी आधी," मॅडम तिच्यावर डाफरल्या.

आबांनी आपला क्रीमरोल तिच्यापुढं सरकवला.

चूक आपल्या अंगावर घ्यायला दोघी भांडत होत्या हो! आपल्या या एवढ्या जाणकारांच्या ग्रुपवर "माझं चुकलं" असा मेसेज शेवटचा कधी आला होता, कुणाला आठवतंय?