वर्गात सांगितलेले गुरुजी

हे मी घरातही बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

मी नांदेडच्या एका कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. प्राचीन ग्रीक विचारवंतांचं एक म्हणणं मला फार जवळचं वाटतं – नियम पाठ करून शहाणपण येत नाही, शहाणा माणूस जवळून बघावा लागतो. योग्य गोष्ट, योग्य माणसाला, योग्य वेळी कशी सांगायची, ते त्याच्याकडून शिकायचं. उदाहरण म्हणून दरवर्षी मी आमच्या देवणीच्या एका गुरुजींची गोष्ट सांगायचो.

त्यांच्या शेजाऱ्याला बैल विकायचा होता. बैल देखणा, पण नांगराला जुंपला की मध्येच बसायचा. ही खोड बाजारात बोलली तर बैल कुणी घेणार नाही. लपवली तर घेणारा फसणार. गुरुजी तीन बाजार थांबले. मग फक्त गाडीला बैल हवा असलेला एक गाडीवान हेरला, त्याला बाजूला नेऊन खोड सांगितली आणि सौदा जुळवून दिला. मुलं हे वहीत उतरवून घ्यायची.

एकदा आबा – माझे वडील – डोळे दाखवायला नांदेडला आले. माझा तास होईपर्यंत शेवटच्या बाकावर बसले. नेमका तोच तास. एक शब्दच तर बदलायचा होता – तेवढंही जमू नये? सवयीनं – नाही, सवयीनं नाही, समोर मुलं होती म्हणून – मी गुरुजीच म्हणालो. एका मुलीनं विचारलं, हे गुरुजी तुमच्या घरी यायचे का? आबा खाली बघत होते. मी हो म्हणालो.

बाहेर रिक्षाची वाट बघत होतो. आसपास कुणी नाही असं पाहून आबा म्हणाले, "गुर्जी लई शाना दिसतो. देवणीचा, अन् मला कसा ठावं न्हाई?"

मी रिक्षाला हात केला.

गुरुजी कधी नव्हतेच. तो बैल आबांनी विकून दिला होता. देवणीच्या बैलबाजारात ते दलाल होते. त्याच दलालीवर मी लातूरला शिकलो, आणि दलालाचा मुलगा म्हणवून घ्यायची मला लाज वाटत होती. वर्गात त्यांना बोलता आलं नसतं का? ते बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन सांगितलं – त्या गाडीवानाला सांगितलं होतं, तसंच.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. तो तास मी यंदाही घेतला. गुरुजींचाच घेतला.