चाचांची दोन घड्याळं

लबाडी पकडण्यात चाचांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या दिग्रसात झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. चाचा कापसाच्या जिनिंगमध्ये ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारे होते. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, गालाला लावायचा आणि निकाल द्यायचा, "याच्यावर पाणी मारेल हाये. तेही आज सकाळीच." गाडीवाला खजील! वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारायची तेव्हा रीतच पडली होती. भाव असे कोसळलेले की माणसं तरी काय करणार? मालकांनी ओलावा मोजायचं यंत्र आणलं, तर चाचांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याले गाल कुठं हाये?" यंत्र कपाटात गेलं.

चाचांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. एक दुनियेचं आणि एक गोळीचं. चाचींनी त्यांना आपली किडनी दिली होती आणि ती टिकवायची गोळी दर बारा तासांनी, आठाच्या ठोक्याला, घ्यावी लागे. एकदा स्वतःच्या भाचीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीतून ते आठ वाजता असे ताडकन उठले की शेजारच्यांना वाटलं, मटणात काही निघालं! त्या किडनीला ते "तुमच्या चाचीचा माल" म्हणत, आणि तेही केवढ्या मिजाशीत.

रक्तात गोळी किती आहे हे बघायला ते दर दोन महिन्यांनी माझ्या लॅबमध्ये येत. नियम एकच: सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. मी नमुना बर्फात ठेवून नागपूरच्या बसमध्ये द्यायची, सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर 'शेवटची गोळी रात्री आठ' असं सवयीनं लिहून टाकायची. रिपोर्ट असा भरघोस येई की डॉक्टरांनी दोनदा गोळी कमी केली. तरी किडनीचा त्रास वाढतच चालला. चाची सुकत गेल्या. "माझंच काहीतरी खराब निघालं असेल," म्हणायच्या.

मग नागपूरच्या लॅबनं सगळा कारभार कॉम्प्युटरवर नेला. माहिती इथून भरायची, रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे. चाचा म्हणाले, "आता याले बी गाल नाही." पण त्या कॉम्प्युटरला एक वाईट खोड होती. 'शेवटची गोळी कधी घेतली' हा रकाना भरल्याशिवाय तो पुढेच सरकेना, आणि तारीख-वेळ दोन्ही विचारायचा. म्हणून मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "चाचा, शेवटची गोळी किती वाजता?"

चाचांनी एका घड्याळाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. थेट विचारल्यावर खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही.

"आज सकाळी. सात वाजता."

"अहो, आधी घ्यायची नाही ना! आकडा फुगतो त्यानं!"

"मालूम हाये, ताई. पहिल्या टायमाले नंबर कमी आला, तं तुमची चाची दोन दिवस जेवली नाही. म्हणे, माझाच माल हलका. मंग मी दर टायमाले खाऊनच येऊन राह्यलो. नंबर पाह्यला का खुश होते ते."

माझं डोकंच फिरलं. "तो नंबर गोळीचा, चाचींच्या मालाचा नव्हे! जन्मभर लोकांचं पाणी पकडलंत, आणि स्वतःच्या रक्तावर पाणी मारलंत?" चाचा मान खाली घालून बसले, अगदी त्या गाडीवाल्यासारखे. मलाही काही कमी लाज वाटली नाही. न विचारता आठ वाजले लिहिणारी मीच.

डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी गोळी घ्यायच्या आधी रक्त काढलं, नंबर पार तळाला. गोळी वाढली आणि तीन महिन्यांत किडनी रुळावर आली. चाचींना मीच सगळं सांगितलं. त्या चाचांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "पगला है."

पुढे बऱ्याच वर्षांनी चाचा गेले, हृदयविकारानं. मी भेटायला गेले तेव्हा चाचींच्या मांडीवर ती दोन घड्याळं होती, दोन्ही चालू. मी म्हटलं, "चाची, मागच्या महिन्याचा रिपोर्ट मी पाहिला होता. तुमची किडनी शेवटपर्यंत एक नंबर चालली. गोळी न घेता काढलेलं रक्त होतं ते."

त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फिर से बोल, बेटी."