गोळीनं उपास मोडत नाही

सुईसर बोट मागायचे नाहीत, धरायचे. आपण वहीत काही लिहीत असलो की मागून येऊन डावा हात पकडायचे, बोटाला टोचायचे आणि रक्ताचा थेंब घेऊन चालू लागायचे. "ओरडलीस तर बाहेर," एवढंच बोलणं. जालन्याच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांचं खरं नाव निम्म्या पोरांना माहीत नव्हतं, पण त्यांची जीभही टोचते हे सगळ्यांना माहीत होतं.

थेंबभर रक्तातली साखर मोजणारा सेन्सर त्यांना बनवायचा होता, कार्बन नॅनोट्यूबचा. म्हणजे केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या. दिसायला निव्वळ काजळी. त्या काजळीची कुपी कुरियरनं आली तेव्हा भर मे महिन्यात सरांनी पंखा बंद करायला लावला आणि आम्हाला श्वाससुद्धा तोंड फिरवून घ्यायला लावला. ती पूड तेलात मळून काचेच्या नळीत भरायची, मागून तांब्याची तार, तोंडाशी साखर ओळखणारं एन्झाइम. जितकी साखर जास्त, तितका विजेचा प्रवाह जास्त. लाइट गेली की एन्झाइम खराब होईल म्हणून सर रसवंतीतून बर्फ आणायचे, फडक्यात गुंडाळून, स्कूटरवर मांडीत धरून, आणि तसेच ओल्या पँटनं वर्गात यायचे. मला हा माणूस फार आवडायचा. मी पेस्ट मळत असताना एकदा म्हणाले, "हात बरा आहे तुझा." त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं.

सोमवारी आम्ही सगळ्यांनी उपाशीपोटी यायचं, असा नियम होता. थोडं रक्त आमच्या नळीला, थोडं गावातल्या लॅबला. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर दोष माणसाचा. "माझी नळी खोटं बोलत नाही," सर म्हणायचे. "तुम्ही बोलता."

सुनंदा माझ्यानंतर वर्षभरानं आली. पिंपळगाव रेणुकाईची, घरी भरपूर शेती. वडिलांनी तिला दिवाळीपर्यंतच मुदत दिली होती. तोवर सरांनी पीएच.डी.साठी तिचं नाव पाठवलं तर शिकायचं, नाहीतर लग्न. सोमवारी ती पहिल्या एसटीनं रिकाम्या पोटी निघायची आणि भोकरदन येईपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागायचं.

"ताई, डोक्याची गोळी घेतली त चालती का? उपास मोडतो का?" तिनं मला विचारलं.

माझी आई चतुर्थीला बीपीची गोळी घ्यायची. मी बेधडक म्हणाले, "गोळीनं कुठं उपास मोडतो? घे बिनधास्त."

तिचे आकडे जुळेनात. गावातली लॅब म्हणायची साखर ठीक, आमची नळी म्हणायची भरमसाट. "काय खाऊन आलीस? पेढे?" सर विचारायचे.

"न्हाई सर, बिलकुल उपाशी आल्ते."

चौथ्या सोमवारी सरांनी तिला बेसिनपाशी उभं केलं आणि सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा साबणानं हात धुवायला लावले, प्रत्येक वेळी मोठ्यानं मोजत. मग टोचलं. आकडा तसाच. सरांनी तिची वही फाडली. "शेण काढायचे हात आहेत हे. इथं नकोत." ती रडली नाही, ओले हात ओढणीला पुसत राहिली. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं.

त्याच थंडीत मला ताप आला. गोळी घेऊन कॉलेजात गेले आणि माझाही आकडा चढला. माझा हात बरा होता ना, म्हणून सरांनी मला बेसिनपाशी नेलं नाही. "काय घेतलंस?" असं विचारलं. मग साखरेचा कणही नसलेल्या पाण्यात त्यांनी तीच तापाची गोळी विरघळवली आणि नळी बुडवली. प्रवाह उसळला. साखर कुठली आणि गोळी कुठली, हे नळीला कळतच नव्हतं.

"सर, सुनंदा दर सोमवारी डोक्यासाठी हीच गोळी घ्यायची," मी म्हणाले.

त्यांनी आलेखावर पेन्सिलनं तारीख टाकली.

"तिला पत्र टाकू?"

"कशाला? सासरी त्या आकड्याचं लोणचं घालणार आहे का ती? नळीच्या तोंडावर पातळ पडदा चढवू, गोळी आत शिरणार नाही. लिहून घे."

तिच्या फाडलेल्या वहीची पानं त्यांनी कपाटातून काढली, चिकटवली. त्यातले आकडे आमच्या पेपरात छापून आले. नावं दोनच, सरांचं आणि माझं. माझी पीएच.डी. त्यावर झाली. पत्र मीही टाकलं नाही. मला सरांची भीती वाटत होती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला ते नाव हवं होतं.

सर शुगरनंच गेले. शेवटी शेवटी त्यांच्या बोटांना टोचायला जागा उरली नव्हती. ते गेल्यावर मी नवीन जालन्यातल्या त्यांच्या घरी भेटायला गेले तर बाहेरच्या खोलीत सुनंदा बसलेली, शेजारी तिची लहान मुलगी. सुनंदाचे डोळे सुजले होते.

"सरांचं बराबर व्हतं, ताई," ती म्हणाली. "माझ्या हातालाच गुण न्हाई. आजबी पीठ मळायच्या आधी दोनदा हात धुते, सासू हसून राह्यती. हिची बाई म्हणती पोरगी हुशार हाय, पुढं सायन्सला घाला. मी म्हणलं, नको. माझेच हात आलेत हिला."

मी त्या पोरीचा हात हातात घेतला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आतून सरांच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं.

"हात बरा आहे हिचा," मी म्हणाले.

"मन राखायला म्हणू नका, ताई," सुनंदा म्हणाली, आणि पोरीचा हात तिनं आपल्या पदराखाली ओढून घेतला.

मी उठले आणि चपला घातल्या.